डचांचा एक ‘स्लाख’ आणि इंग्रजीची दमछाक

मोगरी (धागाकर्ती)

डच-इंग्रजी शब्दकोशात ‘स्लाख’ उघडून बघा. ब्लो, स्ट्रोक, बीट, बॅटल, टर्न, ट्रिक, वेव्ह, काइंड, साइझ, आणि यादी सुरूच. शब्द अवघा चार अक्षरी: एस, एल, ए, जी. शेवटचा जी घशातून खरवडून काढायचा म्हणून मी ‘ख’ लिहिते आहे. ॲमस्टरडॅमची मंडळी तो असा खरवडतात की समोरच्याने घाईघाईने पाणी आणून द्यावं. आइंडहोवनकडे तोच मऊ होतो.

घराणं सरळ आहे. ‘स्लान’ म्हणजे मारणे, ठोकणे. इंग्रजीतले स्ले आणि स्लॉटर त्याच्याच भावकीतले. स्लाख हे त्या मारण्याचं नाम: फटका, ठोका, टोला. हृदयाचा ठोका ‘हार्टस्लाख’, घड्याळाचा टोला स्लाख, इथवर कुणाची तक्रार नाही. पण पोहताना मारलेला हातही स्लाखच. स्क्रू अर्धा फिरवला की अर्धा स्लाख. पत्त्यांत आपण ‘हात’ करतो, ते स्लाख करतात. केसांना हलकी लाट असेल तर केसांत स्लाख आहे. शर्ट एक माप मोठा हवा असेल तर एक स्लाख मोठा. बेसबॉलमध्ये चेंडू हुकला तरी स्लाख. आणि लढाई? तीही स्लाख. आपल्याला १७६१ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसं डच माणसाला १६०० म्हटलं की ‘स्लाख बै न्यूपोर्ट’, म्हणजे न्यूपोर्टची लढाई, आपोआप तोंडात येतं. लिंग बदललं तर आणखी वेगळंच: ‘द स्लाख’ म्हणजे हे सगळं, आणि ‘हेट स्लाख’ म्हणजे प्रकार, जात. ‘त्या स्लाखची माणसं’ म्हणजे त्या जातकुळीची माणसं, मारामारी करणारी नव्हेत.

घराजवळच्या सायकलवाल्याने माझं मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेला आणि म्हणाला, ‘चाकात स्लाख आहे.’ रिम प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी डाव्या रबराला घासत होती. मोबाइलमधल्या शब्दकोशाने मला फटका, लढाई आणि पत्त्यांचा हात यांतून निवडायला सांगितलं. आपल्याकडचा सायकलवाला ‘आउट आहे, काढावा लागेल’ म्हणून मोकळा झाला असता. यानेही तेच केलं, एकेक स्पोक आवळत, चाक फिरवून बघत.

इंग्रजीच्या वाटेने शिकायचं तर दर खेपेला नवा शब्द पाठ करावा लागतो. डच शिकलेल्यांनी हा गुंता कसा सोडवला?

खारीक_खोबरं

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपण काय काय मारतो ते आठवा. हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, शिट्टी मारतो, बाजारात फेरी मारतो, भिंतीला रंग मारतो, कॉलेजला दांडी मारतो, पुरणपोळीवर ताव मारतो आणि शेवटी बाजीही मारतो. इतकं मारून कुणालाही खरचटत नाही. आता एखाद्या इंग्रजाला ‘मारणे’चे इंग्रजी अर्थ एका ओळीत लिहायला सांगा. त्याचा चेहरा तुमच्या आत्ताच्या चेहऱ्यासारखाच होईल.

तेव्हा शब्दकोश मिटा. स्लाख ऐकला की आधी मराठीत विचार करा: इथे कोण काय मारतंय? पोहणारा हात मारतो. घड्याळ टोले मारतं. स्क्रूला आपण फिरकी मारतो, पिळा मारतो. जमतंय की!

मोगरी

खारीक, चाकात स्लाख आहे तिथे कोण काय मारतंय?

खारीक_खोबरं

चाक झोल मारतंय. :)

पेन्शनर

खारीक यांचा मुद्दा बरोबर आहे, पण खरी गंमत उपसर्ग लागल्यावर. संस्कृत शिकलेल्यांना ‘हृ’ धातूचं जुनं उदाहरण आठवत असेल: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एक, उपसर्ग त्याला बखोटीला धरून कुठच्या कुठे नेतो. डच भाषा स्लाखशी नेमकं हेच करते.

‘नीर’ म्हणजे खाली. ‘नीरस्लाख’ म्हणजे पाऊस, गारा, बर्फ, वरून खाली जे पडेल ते सगळं. आपल्या हवामानाच्या बातम्यांत ज्याला वृष्टी म्हणतात ते. ‘फरस्लाख’ म्हणजे अहवाल, आणि तो देणारा ‘फरस्लाखखेव्हर’ म्हणजे बातमीदार. ‘इनस्लाख’ म्हणजे विणकामातला आडवा धागा, आपला बाणा. उल्का जमिनीवर आदळली तरी इनस्लाखच. आता यांचे इंग्रजी पर्याय शेजारी शेजारी ठेवा: प्रेसिपिटेशन, रिपोर्ट, वेफ्ट, इम्पॅक्ट. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. मोगरीताई, शब्दांची भावकी इंग्रजीत गेल्यावर दिसेनाशी होते, म्हणून यादी लांब वाटते. डचमध्ये राहिलात तर ती लांब नाही.

शरीरातही बघा. शिरेला डचमध्ये ‘आडर’ म्हणतात. जी शीर ठोके देते ती ‘स्लाखआडर’, म्हणजे धमनी. शाळकरी पोराला एकदा सांगितलं की दोहोंतला फरक पुन्हा विचारावा लागत नाही. इंग्रजीत आर्टरी कुठली नि व्हेन कुठली हे घोकावं लागतं.

बेरकी_बोका

नीर म्हणजे पाणी! नीरस्लाख म्हणजे पाण्याचा मारा! डच मूळचे आपलेच, हा घ्या पुरावा. आता यावर कुणीतरी पुस्तक लिहा.

पेन्शनर

बोकोबा, हे ‘नीर’ म्हणजे ‘नेडर’चं आखूड रूप, नेदरलँड्समधलं नेदर तेच. सखल देश. पाण्याशी नातं जोडायचंच असेल तर इतकंच की त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे.

चिऊची_आई

ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनहून. माझा रोजचा स्लाख म्हणजे ‘आउटस्लाख’. लेकीच्या हातावर पुरळ आलं म्हणून फॅमिली डॉक्टरकडे फोन केला. पुरळाला म्हणतात आउटस्लाख. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. तपासणीचा निकाल, तोही आउटस्लाख. म्हणजे फोनवर मी विचारत होते की आउटस्लाखचा आउटस्लाख आला का, आणि पलीकडच्या बाईंना त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं. निवडणुकीचा निकाल आउटस्लाख, फुटबॉलचा स्कोअर आउटस्लाख. विटांच्या भिंतीला लोणा लागून पांढरं फुटतं, तेही आउटस्लाख. इंग्रजीत रॅश आणि रिझल्ट यांचा काडीचा संबंध नाही. पण ‘आउट’ म्हणजे बाहेर, आणि जे आत होतं ते बाहेर दिसू लागलं, एवढं ध्यानात ठेवलं की दोन्ही एकाच खुंटीला टांगता येतात. अंगावर फुटलं की पुरळ, लॅबमधून फुटलं की निकाल. पेपरही आपल्याकडे फुटतोच की. (तो वेगळा.)

यापेक्षा भारी म्हणजे ‘आनस्लाख’. इकडे टॅक्सवाल्यांची पत्रं निळ्या पाकिटात येतात. दारात निळं पाकीट पडलं की डच माणूसही आधी बसून घेतो. आत लिहिलेलं असतं ‘आनस्लाख’, म्हणजे तुमच्यावर बसवलेली कराची रक्कम. आधी तात्पुरता आनस्लाख, मग अंतिम आनस्लाख. आणि संध्याकाळच्या बातम्यांत बॉम्बहल्ला झाला तर? बॉम्बआनस्लाख. नवऱ्याने पहिल्या वर्षी ते पत्र भाषांतराच्या ॲपमधून काढलं आणि ‘अंतिम हल्ला’ असं शीर्षक वाचून मला ऑफिसात फोन केला. रक्कम बघितल्यावर मला तरी ते भाषांतर पटलं.

त्याच आनस्लाखचा तिसरा अर्थ माझ्या किटलीच्या तळाशी आहे, क्षाराचा पांढरा थर. चौथा टायपिंगच्या परीक्षेत: मिनिटाला किती आनस्लाख, म्हणजे किती कळा दाबल्या. पाचवा पियानोच्या शिक्षिकेकडे: लेकीचा आनस्लाख हलका आहे, बोटांत जोर नाही. हल्ला, कर, क्षार, कळ, बोटांचा जोर. घ्या!

पेन्शनर

आणि इंग्रजीने हाच आनस्लाख सतराव्या शतकात डचांकडून उचलला. ‘ऑनस्लॉट’ तो हाच. इंग्रजांनी हल्ला तेवढा घेतला, किटली आणि टॅक्स तिथेच ठेवून आले.

तिरकस_तीर

सगळे एवढे खूश आहेत म्हणून थोडं मीठ टाकतो. उपसर्गाने अर्थ कळतो, हे अर्थ माहीत झाल्यानंतर सुचणारं शहाणपण आहे. तुम्हाला फक्त ‘ऑप’ म्हणजे वर, आणि ‘स्लाख’ म्हणजे फटका एवढंच सांगितलं तर ‘ऑपस्लाख’चा अर्थ सांगा बघू. गोदाम. पगारवाढ. आणि टेनिसमधली सर्व्हिस. तिन्ही बरोबर! यांतला एक तरी कुणाला ओळखता आला असता? सर्व्हिस कदाचित. पगारवाढ ओढून ताणून. गोदाम कसं काय?

तसंच ‘बस्लाख’. पॅनकेकचं पीठ भिजवलं, ते बस्लाख. कोर्टाने खात्यावर जप्ती आणली, तेही बस्लाख. दाराची कडी-कोयंडा-मूठ हेही बस्लाख. घोड्याच्या खुरांचे नाल, तेही. हे सगळं एका ‘हृ’ धातूच्या श्लोकात बसवून दाखवा. मी तर म्हणतो जुन्या पद्धतीने वाक्यासकट पाठ करा, आणि इंग्रजीचा पर्याय जिथे नेमका आहे तिथे खुशाल वापरा. कराच्या पत्रावर ‘असेसमेंट’ लिहून ठेवलेलं बरं. तिथे व्युत्पत्ती सांगून दंड माफ होत नाही.

खारीक_खोबरं

तीरभाऊ, पिठाचं काय कठीण आहे? अंडं फेटतात, पीठ फेटतात. फेटणं म्हणजे मारणंच. इंग्रजीतला ‘बॅटर’ तरी कुठून आला? त्याच्याही मुळाशी बडवणंच आहे. म्हणजे इथे डच आणि इंग्रजी दोघांनी एकाच पातेल्यात हात घातलाय. फेटलेली साय म्हणजे ‘स्लाखरोम’, व्हिप्ड क्रीम. सफरचंदाच्या पायवर ढीगभर घालून देतात. बाकी कडी-कोयंडा ठोकूनच बसवतात, नालही ठोकूनच. जप्तीचं तुम्ही बघा.

पेन्शनर

तिरकसराव, ओळखता येतो असं मी म्हटलंच नव्हतं. ‘आहार’चा अर्थ तरी ‘आ’ आणि ‘हृ’ जोडून कोण ओळखतो? पण एकदा कळला की पकडून ठेवायला दांडी मिळते. जप्तीत अधिकारी मालावर हात मारतो, हे आपल्या मराठीतही म्हणतातच. गोदामाचं मात्र तुमचं खरं, ती दांडी मलाही लागलेली नाही. संगणकावर फाइल सेव्ह करायच्या बटणावरही ‘ऑपस्लान’च लिहिलेलं असतं, त्यामुळे रोज दहादा डोळ्यांखालून जातो आणि आपसूक पाठ होतो.

राइनकाठी

जर्मनीतून हजेरी. इकडे हा ‘श्लाग’ आहे आणि पसारा तितकाच, पण वाटण्या वेगळ्या झाल्यात, म्हणून दोन्ही भाषा येणाऱ्याची जास्त फजिती होते. आमचा ‘फोरश्लाग’ म्हणजे प्रस्ताव. डच तिथे स्लाख वापरतच नाहीत, ‘फोरस्टेल’ म्हणतात. आमचा ‘उमश्लाग’ म्हणजे पत्राचं पाकीट. त्यांचा ‘ऑमस्लाख’ म्हणजे पुस्तकाचं वेष्टण किंवा हवेतला अचानक बदल. गाजलेल्या गाण्याला इकडे ‘श्लागर’ म्हणतात. इंग्रजीत ‘हिट’. हिंदी सिनेमावाले तेच म्हणतात. म्हणजे फटक्याचा आणि गाण्याचा संबंध निदान तीन भाषांनी लावलाय.

गुलबक्षी

मी काही वर्षं हेगला हिशेबाचं काम केलं. माझा मत्सर ‘टूस्लाख’वर. हा एकटा शब्द पैसे देतोही आणि घेतोही. सरकार आरोग्य विम्यासाठी, घरभाड्यासाठी, पाळणाघरासाठी जी मदत देतं ती टूस्लाख. आणि मी राहत होते तेव्हा शिफोल विमानतळ ते रॉटरडॅम जलद गाडीने जायचं तर तिकिटावर जी जादा रक्कम भरायची तीही टूस्लाख. इंग्रजीत एक अलाउन्स, दुसरा सरचार्ज. डचांच्या लेखी दोन्ही म्हणजे मूळ रकमेवर पडलेली भर, कुणाच्या खिशातून हा प्रश्न गौण.

तिथल्या राजकारणात मात्र हा शब्द आता साधा राहिलेला नाही. पाळणाघराच्या टूस्लाखमध्ये हजारो पालकांना कर खात्याने लबाड ठरवलं, सही राहिली, कागद कमी पडला अशा कारणांवरून आख्खी रक्कम परत मागितली. परदेशी मुळाच्या, दुहेरी नागरिकत्वाच्या लोकांची जास्त झडती झाली. कुटुंबं कर्जात गेली, घरं गेली, काहींची मुलं काढून घेतली गेली. १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या तिसऱ्या मंत्रिमंडळाने यावरून राजीनामा दिला. ‘टूस्लाखनअफेअर’ हे त्याचं नाव. इंग्रजी बातम्यांत ‘चाइल्डकेअर बेनिफिट्स स्कँडल’ असं लांबलचक लिहितात, तिथे नुसतं ‘टूस्लाखन’ म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

मळेवाला

नारायणगावहून. आमचा धंदा भाजीपाल्याचा, त्यामुळे मला डचांचा एकच स्लाख पुरेसा: ‘अफस्लाख’. हायवेवर बाहेर पडायच्या फाट्यालाही अफस्लाख म्हणतात, तो गाडी चालवणाऱ्यांनी बघावा. समुद्राने वाळूचा किनारा खाल्ला तरी अफस्लाख. माझा अफस्लाख लिलावाचा.

आपल्या बाजार समितीत बोली चढत जाते. आडत्या आकडा पुकारतो, व्यापारी वाढवत नेतात, शेवटच्याला माल. डचांचं उलटं. घड्याळ लावतात, तबकडीवर काट्याऐवजी प्रकाशाचा ठिपका, तो चढ्या भावापासून सुरू होऊन सरसर खाली येतो. जो पहिला बटण दाबेल त्याला त्या भावाने माल. घासाघीस नाही, ओरडा नाही. फार थांबलात तर दुसरा घेऊन जातो, लवकर दाबलंत तर महाग पडतं. आल्समेरच्या फुलांच्या लिलावात गुलाबाच्या ट्रॉल्या पहाटेपासून पळत असतात आणि एकेक सौदा सेकंदांत निघतो. आता बरेच खरेदीदार घरच्या स्क्रीनवरूनच बटण दाबतात. भाव ‘खाली मारत’ आणायचा म्हणून अफस्लाख. मासळी बाजाराला तर नावच ‘फिसअफस्लाख’.

मला जास्त आवडलं ते ब्रूक ऑप लांगडैक हे गाव. तिथे १८८७ पासून भाजीचा असा लिलाव सुरू झाला. शेतं म्हणजे पाण्यातली बेटं, म्हणून शेतकरी कोबीने भरलेली नाव थेट लिलावाच्या दालनात वल्हवत आणायचा, नाव घड्याळासमोरून जाईपर्यंत सौदा व्हायचा आणि पलीकडच्या दाराने ती बाहेर. आता तिथे संग्रहालय आहे आणि पाहुण्यांनाही बटण दाबायला देतात. आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात फ्लॉवर घेतला आणि पुढे दिवसभर बसमध्ये मांडीवर घेऊन बसला.

इंग्रजीत या पद्धतीला ‘डच ऑक्शन’च म्हणतात. त्यांना अर्थ शोधायचा कंटाळा आला असावा.

बेरकी_बोका

मला खायचा स्लाख सांगा. बाकी राहू द्या.

चिऊची_आई

‘हाखलस्लाख’! ‘हाखल’ म्हणजे गार. शब्दश: गारांचा मारा, आणि शेतात गारपीट झाली तर हाच शब्द. पण घरोघरी याचा अर्थ पावाला लोणी फासून त्यावर शिंपडायचे चॉकलेटचे बारीक दाणे. लहान मुलांचंच खाणं असेल असं वाटतं ना? ऑफिसात सूट घातलेला बाप्या दुपारी बारा वाजता डबा उघडून हेच खातो. लोण्याचा थर काठापर्यंत हवा, नाहीतर दाणे पँटवर घरंगळतात, हे मला सहकाऱ्याने फार गंभीरपणे समजावलं. कोको पुरेसा नसेल तर डब्यावर चॉकलेट म्हणता येत नाही, ‘काकाओफान्टासी’ लिहावं लागतं. कोकोची कल्पना करा, असंच म्हणायचं असेल बहुधा.

आणि खाटकाचं दुकान म्हणजे ‘स्लाखरै’. शाकाहाऱ्यांनी स्लाखरोम आणि स्लाखरै यांत गल्लत करू नये.

मोगरी

धमाल प्रतिसाद! तीरभाऊंचं म्हणणं परीक्षेपुरतं पटतं, पण मला ‘मारणे’ची वाट जास्त लागू पडते आहे. कालपासून ज्या ज्या पाट्या बघितल्या त्यांत शब्दकोश लागला नाही. रेल्वे फाटकाचा आडवा दांडा ‘स्लाखबोम’ हा तर एका नजरेत कळला.

एक भर माझ्याकडून. ‘स्लाखन’ हे क्रियापद याच घराण्यातलं, अर्थ यशस्वी होणे, पास होणे. बाण लागला, फटका बसला, म्हणजे जमलं. जूनमध्ये शाळेच्या अंतिम परीक्षेचा आउटस्लाख लागतो. मूल पास झालं की घराबाहेर झेंडा लावतात आणि त्या झेंड्याच्या काठीला दप्तर टांगतात. आमच्या गल्लीत एका घरासमोर फाटलेलं, शाईने रंगवलेलं दप्तर लोंबकळत होतं आणि खालून येणारा जाणारा सायकलची घंटी वाजवून अभिनंदन करत होता.

तिरकस_तीर

बरं, वाकप्रचारांचं काय? तिथे तर उपसर्गही नाही.

मोगरी

ते ऐकूनच लागतात. ‘आन द स्लाख’ म्हणजे कामाला लागा. ‘फान स्लाख’ म्हणजे गोंधळलेला, हादरलेला. टोले चुकणाऱ्या घड्याळावरून आलाय म्हणतात. ‘ऑप स्लाख’ म्हणजे जागच्या जागी, तत्काळ. ऑफिसात मात्र सगळ्यात जास्त कानावर पडतो तो ‘स्लाख ऑम द आर्म’, शब्दश: दंडाभोवती एक वेढा. दोर पूर्ण सोडून द्यायचा नाही, एक वेढा हाताशी ठेवायचा, म्हणजे वेळ पडली तर खेचता येतो. आमचा मॅनेजर परवाच म्हणाला, ‘दंडाभोवती वेढा ठेवून सांगतो, शुक्रवारपर्यंत होईल.’

बेरकी_बोका

म्हणजे होणार नाही.

मोगरी

होतं की. फक्त ते ईमेलवर लिहून मागायचं नाही.